रात्री फोन कुठे असतो : सहा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ फेब्रुवारी

विषय आज पक्का झाला. शरीरक्रियाशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक जोडीने स्वतःच्याच शरीराबद्दल काहीतरी सहा आठवडे मोजायचं आणि नोंदी ठेवायच्या, असं काम आहे. बाकीच्या जोड्यांनी नाडी, रक्तदाब, पावलं असे विषय घेतले. आम्ही दोघींनी सोशल मीडिया घेतला. त्यात किती वेळ जातो आणि त्याने झोपेचं व अभ्यासाचं काय होतं, हे मोजायचं.

माझं कारण इथे लिहून ठेवते. मागच्या सत्रात माझे दोन पेपर वाईट गेले. अभ्यासाला बसत नव्हते असं नाही. रोज तीन-चार तास पुस्तक उघडून बसत होते. त्या तासांचं काय झालं, ते मला शोधायचंय.

रोज चार गोष्टी लिहायच्या ठरल्या. फोन स्वतः मोजतो तो वेळ, फोन किती वेळा उचलला तो आकडा, दिवा मालवल्याची आणि झोप लागल्याची साधारण वेळ, आणि सकाळी उठल्यावर पुस्तक न उघडता आदल्या दिवशीच्या धड्यावरच्या दहा प्रश्नांची उत्तरं. हे प्रश्न आम्ही एकमेकींसाठी काढणार, म्हणजे स्वतःला सोपे प्रश्न घालायची सोय राहणार नाही.

शेवटी एक गंमत म्हणून नव्हे, तर खरंच हवं होतं म्हणून एक काम केलं. दिवसाचा किती वेळ सोशल मीडियावर जातो, याचा अंदाज दोघींनी चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केला. माझा अंदाज दीड तास.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पाकीट उघडलं. दोन दिवसांची सरासरी ३ तास ५० मिनिटं. फोन उचलला दिवसाला ११२ वेळा.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच दीड तास वाटत होता. २०१८ पासून दोन्ही मोठ्या प्रणालींच्या फोनमध्ये हे मोजमाप आतच असतं, तरी मी ते पान कधी उघडलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं की लोकांनी सांगितलेला वेळ आणि फोनने नोंदलेला वेळ यांची तुलना करणारे बरेच अभ्यास २०२१ मध्ये एकत्र तपासले गेले, आणि दोन्हींचा मेळ जेमतेमच बसला. म्हणजे माझ्या वयाच्या कोणालाही "किती वेळ जातो?" असं नुसतं विचारून काही हाती लागणार नाही. मोजावंच लागेल.

पार्टनरचा अंदाज चार तास होता. मोजल्यावर निघाले ४ तास ४०. माझ्याहून जास्त.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला आठवडा संपला. या आठवड्यात काहीच बदलायचं नव्हतं, नुसतं लिहायचं होतं.

मी : दिवा मालवते साधारण सव्वाअकराला, झोप लागते पाऊण ते एकच्या दरम्यान. प्रत्यक्ष झोप सरासरी ५ तास ५० मिनिटं. दहापैकी बरोबर उत्तरं सरासरी साडेचार. पार्टनर : झोप साडेसात तास, उत्तरं सात.

स्क्रीनवर माझ्यापेक्षा जास्त वेळ घालवणारी मुलगी माझ्यापेक्षा जास्त झोपते आणि जास्त लक्षात ठेवते. ती हुशारच आहे, असं मी म्हणाले. मॅडमना ते आवडलं नाही. "हुशारी हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा. आधी दोघींचे दिवस शेजारी शेजारी मांडा," एवढंच म्हणाल्या. मी ते तेव्हा मनावर घेतलं नाही. आमचं आधीच ठरलं होतं की दुसऱ्या आठवड्यात मी सगळी अ‍ॅप काढून टाकणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कालपासून फोनवर एकही सोशल मीडिया अ‍ॅप नाही. अंगठा तरीही त्याच जागी जातो. चिन्ह होतं तिथे आता हवामानाचं अ‍ॅप सरकून आलंय, त्यामुळे आज मी सोळा वेळा हवामान पाहिलं. हे सोळा वेळा मी मोजलेत. मला काहीच पाहायचं नव्हतं. वाक्य अवघड आलं की हात उठतो, आणि हे दर वेळी वाक्य अवघड आल्यावरच होतं. सोप्या पानांवर हात उठत नाही.

ही नोंद मला आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. अवघड जागेवर थांबून राहण्याऐवजी मी तिथून निघून जात होते. पुस्तक उघडं, मी खुर्चीत, आणि मन निसटलेलं. तीन-चार तासांमधले किती तास असे गेले असतील?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रात्यक्षिकाची वेळ बदलली होती. वर्गाच्या ग्रुपवर सूचना आली, मी ग्रुपवर नव्हते. पोचले तेव्हा निम्मं झालं होतं. वहीवर सही मिळाली, पण स्लाइड पाहायला मिळाली नाही.

"बंदच करून टाक" असा सल्ला ज्यांना देता येतो, त्यांचं कॉलेजचं काम बहुधा ग्रुपवर चालत नसावं. आमचं चालतं. वेळापत्रक, नोट्स, कोण आजारी आहे, सगळं तिथेच येतं. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी अभ्यासकांनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. त्यांचा रोजचा साधारण एक तास मोकळा झाला, त्यांना थोडं बरंही वाटलं. एवढं सगळे सांगतात. पण त्याच प्रयोगात त्या लोकांना चालू घडामोडींची माहिती कमी राहिली. माझी आजची स्लाइड त्यातच जमा होते.

रविवार, १६ फेब्रुवारी

आठवडाभर एकही अ‍ॅप नसताना माझी झोप ६ तास ५ मिनिटं. वाढली पंधरा मिनिटं. उत्तरं पाच.

सोशल मीडिया नव्हता, तर रात्री मी काय करत होते? नोंदी पाहिल्या. सोमवारी बातम्या. मंगळवारी खेळाचे निकाल, आणि त्या खेळात मला अजिबात रस नाही. बुधवारी चार वर्षांपूर्वीचे स्वतःचे फोटो. गुरुवारी विमानं हवेत कशी टिकतात यावरचा लेख. दिवा मालवलेला, फोन हातात.

अ‍ॅप काढून टाकली होती. फोन उशाशीच होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मॅडमनी आठवड्यापूर्वी सांगितलेलं काम आज केलं. दोन कागद, दोन दिवस, तासातासाने.

पार्टनरचे साडेचार तास दुपारी आणि संध्याकाळी जातात. नाटकाच्या ग्रुपचं सगळं ती बघते. तालमींचे व्हिडिओ टाकणं, लोकांना उत्तरं देणं, पोस्टर करणं. साडेदहाला फोन चार्जिंगला लागतो तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कारण लहानपणी तिच्या बहिणीला फोनच्या उजेडाचा त्रास व्हायचा, तेव्हापासूनची सवय. अभ्यास ग्रंथालयात करते आणि फोन पिशवीत, पिशवी बाहेरच्या कप्प्यात. तिने हे काही ठरवून केलेलं नाही. तिला ते सांगण्यासारखंही वाटलं नव्हतं.

माझा फोन गजर लावण्यासाठी उशीखाली आणि शब्द शोधण्यासाठी पुस्तकाशेजारी. माझ्या ३ तास ५० मिनिटांपैकी दीड तास दिवा मालवल्यानंतरचा, आणि उरलेल्यातला बराचसा पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत अभ्यासाच्या मधे पसरलेला. तिचे तास तिच्या कामाचे आहेत. माझे तास झोपेतून आणि अभ्यासातून कापून घेतलेले आहेत.

उजेडाचा मुद्दा इथे नीट लिहायला हवा, कारण आमच्या वर्गात सगळे "निळा प्रकाश" एवढंच बोलून मोकळे होतात. डोळ्याच्या पडद्यात मेलानॉप्सिन हे प्रकाश टिपणारं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. त्यांचा पाहण्याशी फारसा संबंध नसतो, दिवस आहे की रात्र हे त्या मेंदूला कळवतात आणि साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. हे खरं. २०१५ च्या एका प्रयोगात बारा जणांना झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं, तेव्हा मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, दबलं आणि शरीराचं घड्याळ सुमारे दीड तास उशिराकडे सरकलं. हेही खरं. पण त्या लोकांना झोप लागायला छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत जास्तीचा वेळ किती लागला? दहाएक मिनिटं. तेही चार तास वाचून.

माझी रोज दीड तास झोप जात होती. ती सगळी उजेडाच्या नावावर टाकता येत नाही. मी जागी राहत होते, कारण समोर जे होतं ते संपतच नव्हतं. पुस्तकाला प्रकरणाचा शेवट असतो, तिथे माणूस थांबून विचार करतो की आता झोपावं का. खाली सरकवत राहिलं की पुढचं आपोआप येतं, ही रचना अझा रॅस्किन या डिझायनरने २००६ मध्ये केली, आणि नंतर त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मला त्या खेदाने धीर आला. इतके दिवस मी याला माझ्या स्वभावातला आळस समजत होते. ज्या ठिकाणी थांबावं अशी खूणच ठेवलेली नाही, तिथे थांबायला जमत नाही, याची लाज किती दिवस बाळगायची?

गुरुवार, २० फेब्रुवारी

आजपासूनचा बदल : अ‍ॅप परत घातली. रात्री साडेदहाला फोन टेबलाच्या खणात. टेबल खिडकीशी आहे, पलंग दाराशी. गजरासाठी वेगळं घड्याळ आणलं. वेळेवर मर्यादा नाही, फक्त जागा बदलली.

रात्री लिहीत आहे. ११:२०. दिवा मालवायला मी घाबरले आहे, हे लिहायला संकोच वाटतो पण लिहिते. अंधारात हातात काही नसलं की दिवसभराच्या गोष्टी वर येतात. वाईट गेलेले पेपर. आईशी तुटकपणे बोलले ते. पुढच्या वर्षी काय. फोन हे सगळं आत येऊ देत नव्हता, म्हणून तो मला हवा होता. झोप उडवणं हे त्याचं काम नव्हतंच, माझ्या दृष्टीने तो पहाऱ्यावर होता.

शेवटी उठून ही वही घेतली. उद्याची तीन कामं लिहिली. आईला सकाळी फोन करणे, ही त्यातली पहिली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

झोप ६ तास ५०. आईला फोन केला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आजची नोंद प्रकल्पात बसते की नाही माहीत नाही, पण ती गाळून हा प्रकल्प देता येणार नाही.

वर्गातला एक मित्र तीन आठवडे आला नव्हता. आज ग्रंथालयाच्या पायरीवर भेटला. बारीक झालाय. बोलता बोलता कळलं की जानेवारीच्या शेवटापासून त्याची झोप पूर्ण गेली होती, प्रयोगशाळेत शिरताना छाती धडधडायची, आणि शेवटी तो डॉक्टरांकडे गेला. आता बरं आहे. मी म्हणाले, "मला काहीच माहीत नव्हतं रे." तो म्हणाला, "तू पाहिलं होतंस ना? मी रात्री टाकलं होतं."

खोलीवर येऊन शोधलं. ३० जानेवारी, रात्री १२:२०. अंधाऱ्या खिडकीचा फोटो, सोबत एक अक्षर नाही. त्यावर माझं लाल हृदय.

मी तेव्हा जागी होते. तोही जागा होता. मी ते पाहिलं, खूण केली आणि पुढे सरकले. त्या रात्री मी अशा किती जणांना "पाहिलं" असेल! नुसतं पाहत राहणं आणि माणसाशी बोलणं या दोन गोष्टी अभ्यासक वेगळ्या धरतात. २०१५ मध्ये फेसबुकवर झालेल्या एका कामात नुसतं पाहत राहिल्यावर लोकांना नंतर उतरल्यासारखं वाटत असल्याचं दिसलं होतं. ते मी मागच्या आठवड्यात वाचलं आणि टिपून ठेवलं. त्या टिपणातली दुसरी बाजू, म्हणजे जो पाहिला जातो त्याचं काय, ही मला आज पायरीवर कळली.

माझ्यापुरता नियम : ज्या गोष्टीवर हृदय टाकावंसं वाटेल, त्या माणसाला एक वाक्य लिहायचं. ते शक्य नसेल तर हृदयही नको.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

अभ्यासाची बाजू. सोमवारपासून फोन पुस्तकाशेजारी नाही, पिशवीत आहे आणि पिशवी ग्रंथालयाच्या बाहेरच्या कप्प्यात. शब्द अडला की कागदावर लिहून ठेवते, तासानंतर सगळे एकदम शोधते.

फोन नुसता टेबलावर असला, अगदी बंद आणि पालथा, तरी विचार करण्याची ताकद कमी पडते, असं २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात आढळलं होतं. जवळपास आठशे लोक होते त्यात. नंतर इतरांनी तेच करून पाहिलं तेव्हा निकाल प्रत्येक वेळी तसा आला नाही, म्हणून आम्ही अहवालात ते "सिद्ध झालं आहे" असं लिहिणार नाही. मला जास्त पटलेली कल्पना २००९ मधली आहे : एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे गेलं की लक्षाचा एक भाग मागे रेंगाळतो. मी पाच मिनिटांसाठी मेसेज बघायचे आणि परत आल्यावर वृक्काच्या नलिकेबद्दल वाचत असताना मनात उत्तर तयार होत असायचं. मेसेज पाच मिनिटांचा, पण वाया गेलेलं पान त्यापेक्षा मोठं.

आता पहिली पंधरा मिनिटं फार जड जातात. अंग अस्वस्थ होतं, पाणी प्यावंसं वाटतं, नखं बघावीशी वाटतात. विसाव्या मिनिटाच्या आसपास ते उतरतं. पूर्वी मी विसाव्या मिनिटापर्यंत कधी पोचतच नव्हते.

रविवार, २ मार्च

शुक्रवार, शनिवार घसरले. अंगात कणकण होती, फोन घेऊन पडून राहिले, दोन वाजेपर्यंत जागी. शनिवारी उत्तरं तीन. नोंद आहे तशी ठेवली आहे.

बुधवार, ५ मार्च

पार्टनरचा प्रश्न माझ्यापेक्षा वेगळा निघाला. झोप चांगली, लक्ष चांगलं, पण चाचणीचे गुण लागल्यापासून ती गप्प आहे. आज बोलली. तिच्या फोनवर सारख्या अशा मुलांच्या पोस्ट येतात जी रोज "आज चौदा तास अभ्यास" म्हणून टेबलाचा फोटो टाकतात. रंगीत टिपणं, घड्याळ, नीट रांगेत पेनं. ती नाटक करून रोज चार तास अभ्यास करते आणि तिचे गुण आमच्या वर्गात वरच्या फळीतले आहेत. तरी तिला आपण मागे पडतोय असं वाटतं.

माणूस स्वतःला मोजायला दुसरा माणूस शोधतो, हे मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं. पण तेव्हा मोजायला वर्गातले, शेजारचे, ओळखीचे असत, ज्यांचा वाईट दिवसही आपल्याला दिसायचा. तिच्या समोर येतात ते सगळे अनोळखी, आणि त्यांच्या दिवसातला फक्त टेबलाचा फोटो. मी तिला विचारलं, की चौदा तास बसणाऱ्यांना सकाळी कोणी दहा प्रश्न विचारतं का? मी तर स्वतः चार तास बसून साडेचार गुण मिळवत होते.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आम्ही दोघींनी बसून तिची यादी पाहिली आणि एकोणीस खाती बंद केली. नाटकवाली सगळी ठेवली.

पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला प्रश्न विचारून आठवणं का बरं, यासाठी अहवालात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचं २००६ चं काम घातलं आहे. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून पाहणारे पुढे, ५६ टक्के विरुद्ध ४२. टेबलाच्या फोटोत पहिल्या पाच मिनिटांचं सुख असतं.

रविवार, ९ मार्च

हालचाल आणि डोळे, थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी. पहिल्या आठवड्यात माझी झाली होती ४०, या आठवड्यात १३०, कारण आईशी फोनवर चालत चालत बोलते. डोळ्यांची संध्याकाळची जळजळ कमी आहे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात हे कारण असावं, पण आम्ही ते मोजलेलं नाही.

गुरुवार, १३ मार्च

शेवटच्या आठवड्याचे आकडे. झोप ७ तास १० मिनिटं. उत्तरं सात. फोन उचलला ६१ वेळा. सोशल मीडियावरचा वेळ : २ तास ५० मिनिटं. अहवालात हे वाचून कोणीतरी म्हणेल, एवढं करून एकच तास कमी झाला? होय, एकच. पण दिवा मालवल्यानंतरचा वेळ आता शून्य आहे.

उणिवा मॅडमनी लिहून घ्यायला लावल्या आणि त्या बरोबर आहेत. आम्ही दोघीच. प्रश्नांची सवय झाल्यानेही गुण वाढले असतील. परीक्षा जवळ आल्याने अभ्यास आपोआप वाढला असेल. शिवाय मी मनापासून सुधारायचं ठरवलं होतं.

चर्चेच्या भागात एका गोष्टीवर दोघींचं भांडण झालं. ओर्बेन आणि प्रझिबिल्स्की या अभ्यासकांच्या २०१९ च्या कामात किशोरांच्या स्वास्थ्यातल्या फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल वापराशी लागला. पार्टनर म्हणाली, म्हणजे आपण उगाच घाबरतोय. उलट २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, त्यांच्यातल्या ज्यांनी तीन आठवडे प्रत्येक अ‍ॅप दिवसाला दहाच मिनिटं वापरलं, त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. मी म्हणाले, म्हणजे घाबरायला हवं. शेवटी आमच्याच दोन कागदांकडे पाहून आम्ही लिहिलं : तिचे साडेचार तास आणि माझे पावणेचार तास एकाच रकान्यात टाकले तर दोघींपैकी कोणाचंच काही कळत नाही. तास कोणत्या गोष्टीतून कापून घेतला, हा रकाना प्रश्नावलीत हवा.

रविवार, १६ मार्च

अहवाल उद्या द्यायचा. सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं सगळे म्हणतात. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला होता, कोणाला १८, तर कोणाला अंदाजे २५४. २० फेब्रुवारीपासून धरला तर आज माझा पंचविसावा दिवस, त्यातले दोन घसरलेले. वही पुढे चालू ठेवते आहे.

संध्याकाळी त्या मित्राने प्रयोगशाळेच्या दाराचा फोटो टाकला, खाली "आत गेलो" एवढंच. मी लिहिलं, "किती वेळ होतास?" त्याने लिहिलं, "पूर्ण." उद्या आम्ही दोघं एकाच बाकावर आहोत.

१०:३०. फोन खणात.